शाळेत अरबी येतं, लिफ्टमध्ये येत नाही

पत्र

नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या मस्कतला अल खुवैर भागात राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. मुलगी इथल्या भारतीय शाळेत चौथीत आहे आणि पहिलीपासून अरबी शिकते. अक्षर सुरेख आहे, धडा घडाघडा वाचते, मार्क तर नेहमीच चांगले. पण परवा लिफ्टमध्ये समोरच्या ओमानी शेजारणीनं, उम्म सालिमनं, तिला हसून ‘वेन सायरा?’ असं काहीतरी विचारलं आणि ही माझ्या मागे लपली. घरी येऊन रडली. म्हणाली, हे आम्हाला शिकवलंच नाही. मी एका इजिप्शियन बाईंची शिकवणी बघून ठेवली आहे. ह्यांचं म्हणणं, चार-पाच वर्षांत परत जायचंय, अरबीचा उपयोग काय, त्यापेक्षा फ्रेंच घेऊ. सासूबाईंना वाटतं अरबी म्हणजे धर्माची भाषा, मुलांना त्यात कशाला घालायचं. धाकट्याची तर आत्ताच मराठी-हिंदी-इंग्रजीची सरमिसळ चालू असते, त्यात आणखी एक भाषा आली तर तो गोंधळेल का? मला स्वतःला ‘शुक्रान’च्या पलीकडे काही येत नाही. काय करू?
(एक आई, मस्कत)

उत्तर

ताई,

उम्म सालिमनं, म्हणजे सालिमच्या आईनं, विचारलं ते एवढंच: ‘कुठे निघालीस?’ तुमच्या मुलीच्या पुस्तकात हाच प्रश्न ‘इला ऐन तझहबीन?’ असा छापलेला असेल. दोन्ही एकदा मोठ्यानं म्हणून बघा. नऊ वर्षांच्या मुलीनं हे एकच आहे असं ओळखावं तरी कसं? तिला आधी हे सांगा, म्हणजे ‘तीन वर्षं शिकूनही मला येत नाही’ हे तिच्या डोक्यातून निघेल. तिला येतं. फक्त तिला जे येतं ते लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही.

शाळेत शिकवतात ती फुस्हा. बातम्या, वर्तमानपत्रं, सरकारी कागद, पुस्तकं, औपचारिक भाषणं सगळी तिच्यात चालतात, आणि मोरोक्कोपासून ओमानपर्यंत ती जवळजवळ सारखीच लिहिली जाते. पण ती कुणाच्याच घरची भाषा नाही. अरब मूलसुद्धा ती शाळेत गेल्यावरच नीट शिकतं. स्वयंपाकघरात, बाजारात, भांडणात आणि लाडात चालते ती त्या त्या प्रदेशाची बोली, ‘आम्मिया’ किंवा ‘दारिजा’. एकाच समाजात भाषेची दोन रूपं अशी कामं वाटून घेऊन नांदतात, यावर चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञानं १९५९ साली एक लेख लिहिला. त्यात त्यानं चार उदाहरणं घेतली होती आणि अरबी हे त्यांतलं एक होतं. कल्पना करा, कुणी परदेशी मूल फक्त शासन निर्णयांवरून मराठी शिकलं, ‘सदर प्रकरणी आपणास कळविण्यात येते की’ एवढं त्याला पाठ आहे, आणि मग ते मंडईत कोथिंबीर घ्यायला गेलं. अरबीतलं अंतर याहूनही जास्त आहे, कारण तिथे रोजचे साधे शब्दच बदलतात. ‘आत्ता’ला फुस्हात अल-आन, ओमानात अल-हीन, कैरोत दिलवक्ती, दमास्कसला हल्ला. ‘मला हवंय’ला फुस्हात उरीदु, तुमच्याकडे अबा किंवा अबगा, कैरोत आयिज, लेबनॉनमध्ये बिद्दी.

म्हणून शाळेतलं अरबी सोडू नका, पण त्यातून बोलणं आपोआप येईल ही आशाही सोडा. वाचन शाळेत होऊ द्या. मुलगी रस्त्यावरच्या पाट्या वाचते, औषधाच्या डब्यावरचं वाचते, ही मोठीच पुंजी आहे. कित्येक वर्षं आखातात काढलेल्या माणसांना ते जमत नाही. बोलण्याची व्यवस्था मात्र वेगळी करावी लागते, आणि ती माणसांमधूनच होते.

आता शिकवणीचं. इजिप्शियन बोली वाईट नाही. सिनेमा आणि दूरदर्शन मालिकांमुळे ती अरब जगात सगळीकडे समजते. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या बाई गेल्यावर तुमची मुलगी इजिप्शियन कुणाशी बोलणार? त्या बाईंना तुमच्या मुलीच्या वयाची मुलं असतील, ती एकत्र खेळणार असतील, तर डोळे मिटून ती शिकवणी लावा. नसतील, तर ते पैसे एखाद्या ओमानी कॉलेजच्या मुलीला द्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिनं घरी यावं, मुलांबरोबर ऊनो खेळावं, चित्रं रंगवावीत, त्यांना खाली बागेत न्यावं, आणि हे सगळं अरबीत. पुस्तक उघडायचं नाही. ही अट कुणालाही ठेवा, इजिप्शियन बाईंनाही, आणि ती पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा. कारण शिकवणारी अरब माणसं बरेचदा बोलीला ‘बिघडलेलं अरबी’ समजतात. तुम्ही बोली मागितलीत तर मान हलवतील आणि दुसऱ्या आठवड्यात हळूच क्रियापदाचे तक्ते काढतील. तक्ते निघाले की तुम्ही चहा घेऊन आत जायचं आणि पत्ते पिसायला घ्यायचे. बोलीबोलींत घोटाळा होईल याची फार चिंता नको, फक्त पहिलं वर्षभर एकाच माणसाचं, एकाच तऱ्हेचं बोलणं कानावर पडू द्या. पाया बसला की मुलं दुसरी बोली पटकन उचलतात.

एक गोष्ट मात्र टाळा, आणि ही जरा नाजूक आहे. आखातात एक तिसरंच अरबी चालतं: ‘अना मा फी मालूम’, ‘अन्ता रूह’, ‘सेम सेम’. कामगार, दुकानदार, ड्रायव्हर आणि स्थानिक मालक यांच्यात दिवस भागवण्यासाठी घडलेली ही कामचलाऊ भाषा. भाषाशास्त्रज्ञ तिचा स्वतंत्रपणे अभ्यास करतात, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. लाखो माणसांची पोटं तिच्यावर चालली आहेत. पण तिच्यात बाई-पुरुष, काल-आज असा भेद फारसा उरत नाही. आणि तुमच्या आमच्यासारखा चेहरा दिसला की ओमानी माणूस सौजन्यानं हीच भाषा काढतो. मुलीनं तिच्यातच उत्तर दिलं की तो पुढेही तिच्यातच बोलणार. ओमानी घरात ‘नाही’, म्हणजे एखादी वस्तू नाही, याला ‘मा शी’ म्हणतात. ‘मा फी’ ऐकलं की समजा, तुमच्यासाठी भाषा सोपी केली जाते आहे. त्यावर उपाय एका वाक्याचा आहे. मुलीला शिकवा: बाईंशी बोलताना ‘कल्लिमीनी अरबी’, पुरुषांशी ‘कल्लिमनी अरबी’, म्हणजे माझ्याशी अरबीत बोला. लहान मुलीच्या तोंडून हे आलं की समोरचा हसतो आणि खरं बोलायला लागतो.

बाईंशी वेगळं, पुरुषांशी वेगळं, हे मराठी मुलांना जड जात नाही हेही सांगून ठेवते. इंग्रजी बोलणारी मुलं इथे अडखळतात. आपण ‘निघालास’ आणि ‘निघालीस’ तोंडात घेऊनच वाढतो, त्यामुळे मुलाला ‘वेन सायर’ आणि मुलीला ‘वेन सायरा’ हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्रास होईल तो उच्चारांचा. घशातून येणारे अ आणि ह, जड त, जड स, खोल क. ‘कल्ब’ मधला क घशात खोल म्हटला तर हृदय आणि साधा म्हटला तर कुत्रा, हे ऐकून तुमचा धाकटा दिवसभर हसेल, आणि त्यातूनच शिकेल. तुम्ही उच्चार सुधारायला बसू नका. शब्द वहीत लिहायचे असतील तर देवनागरीत लिहा आणि घशातल्या अक्षरांखाली एक टिंब द्या. अरब पोरं मोबाइलवर रोमन लिपीत लिहितात तेव्हा याच अक्षरांसाठी तीन आणि सात हे आकडे वापरतात. थोरलीला ही गंमत आवडेल.

तुम्ही मस्कतला आहात हे तुमचं नशीब म्हणायचं. दुबईहून मला अशीच पत्रं येतात आणि तिथे उत्तर देणं कठीण जातं, कारण अमिरातीत स्थानिक नागरिक साधारण दहात एक. दिवसच्या दिवस अरबी माणसाशी बोलायची वेळ येत नाही. ओमानात देशभरात निम्म्याहून जास्त वस्ती ओमान्यांची आहे. टॅक्सी चालवायचा परवाना फक्त ओमानी माणसालाच मिळतो. सुपरमार्केटच्या काउंटरवर, बँकेत, बसमध्ये ओमानी मुलंमुली असतात. मत्राहच्या बाजारात शनिवारी सकाळी गेलात, मुलीला एक रियाल दिलात आणि ‘बिकम हादा?’ एवढं तिला विचारायला लावलंत, तरी पाच-सात माणसांशी बोलणं होतं. घासाघीस तिला करू द्या, तुम्ही अत्तराच्या दुकानात रेंगाळा. बैसे, म्हणजे रियालची चिल्लर, मोजताना आजीला सांगा की हा आपला पैसाच आहे. १९७० पर्यंत त्या देशात रुपये चालत होते.

पण बाजार हा सराव. भाषा येणार ती उम्म सालिमच्या घरातून. तिनं स्वतःहून बोलायला सुरुवात केली आहे, ताई, हे फार थोड्या परदेशी कुटुंबांच्या वाट्याला येतं. याच आठवड्यात मुलीला पुढे करून शंकरपाळ्यांचा डबा घेऊन जा. आधी निरोप द्या, मगरिबच्या नमाजाच्या वेळी नको. कहवा आणि खजूर पुढे येतील. फिंजान, म्हणजे कहव्याचा छोटा पेला, उजव्या हातानं घ्यायचा, आणि पुरे झालं की तो हलकेच हलवून परत द्यायचा, नाहीतर भरतच राहतील. ओमान्यांचं अभिवादन लांबलचक असतं. सलाम, मग हालहवाल, मग घरच्यांचं, मग ‘उलूम’, म्हणजे काय बातमी, आणि त्यावर ‘मा शी उलूम’, विशेष काही नाही. हे रोज तेच आणि त्याच क्रमानं असतं, म्हणूनच लाजऱ्या मुलीसाठी उत्तम. काय बोलायचं हे शोधावं लागत नाही. डबा परत येईल तो रिकामा येणार नाही, आणि तो परत करायला सालिमच आला तर काम फत्ते. रमजानच्या मध्यावर तिथली मुलं करनकशोसाठी घरोघर गाणी म्हणत खाऊ मागत फिरतात. तुमच्या दोघांनाही त्यांच्यात पाठवता येतं का, ते उम्म सालिमला विचारून बघा. धाकट्याला एरवी कुरुमच्या किनाऱ्यावर संध्याकाळी न्या. तिथे पोरं फुटबॉल खेळतात आणि ‘तआल’ आणि ‘अतनी’, म्हणजे ‘ये’ आणि ‘मला दे’, एवढ्यावर पहिला खेळ निभावतो.

एक छोटं विचारून घ्या, की त्या घरात आपसात अरबीच बोलतात ना. हा प्रश्न विचित्र वाटेल, पण मस्कतमध्ये बलुची बोलणारी ओमानी घरं आहेत, झांझिबारहून परतलेल्यांची स्वाहिली बोलणारी घरं आहेत, आणि मत्राहच्या लवातिया मंडळींची भाषा तर सिंधी-कच्छीच्या नात्यातली. असं असलं तरी त्यांचं अरबी अस्सलच असतं, फक्त मुलांशी ते अरबीतच बोला अशी विनंती करून ठेवावी लागते. शिवाय हल्ली शहरी ओमानी मुलं आपसातही इंग्रजी झाडतात. तिथे आजीला गाठा. आज्या इंग्रजी बोलत नाहीत.

कार्टूनवर फार भिस्त ठेवू नका. पहिलं म्हणजे मुलांचे बहुतेक कार्यक्रम फुस्हातच असतात; ‘इफ्तह या सिमसिम’ ही १९७९ साली कुवेतमध्ये सुरू झालेली मालिकाही तशीच. बोलीतलं हवं असेल तर दुबईच्या चार आज्यांची ‘फ्रीज’ बघा, २००६ पासूनची आहे. बोली अमिराती, पण ओमानी कानाला जवळची. मोबाइलवरची शिकवणारी ॲपही बहुतेक फुस्हाकडेच झुकलेली. दुसरं म्हणजे पडदा ऐकून घेतो असं मुलाला वाटत नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन ऐकवलं. जिवंत माणसाबरोबर खेळलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता येऊ लागले. त्याच माणसांची चित्रफीत पाहिलेल्यांना नाही. तुमची मुलं बाळं नाहीत, त्यांना पडद्यावरून काही शब्द मिळतीलही. पण बोलायची गरज पडद्यामुळे निर्माण होत नाही.

धाकट्याचं तर बिलकूल मनावर घेऊ नका. एका वाक्यात तीन भाषा येणं हे गोंधळाचं लक्षण नाही. मोठी माणसंही मराठी-इंग्रजी असंच बोलतात. त्याला एकूणच बोलायला उशीर होत असेल, कुठल्याच भाषेत वाक्यं जुळत नसतील, तर कान तपासा आणि वाचातज्ज्ञाकडे जा, पण त्याचा दोष भाषांच्या संख्येला देऊ नका. नवी भाषा कानावर पडायला लागली की मुलं कित्येक महिने गप्प राहतात, नुसती ऐकतात. त्या काळात ‘बोल ना, काकूंना सलाम म्हण ना’ असं कोपरानं ढोसू नका. आणि घरात मराठी पक्कं ठेवा. अरबी तुम्ही घरच्यांनी आपसात बोलायचीच नाही, ती बाहेरची भाषा म्हणून बाहेरच्या माणसांबरोबर राहू द्या.

तुमच्या ह्यांचं म्हणणं मला सगळं चूक वाटत नाही. चार-पाच वर्षांनी सांगलीला परतलात आणि अरबी कानावर पडेनाशी झाली, तर बोलणं पुसट होईल, विशेषतः धाकट्याचं. पुढे नोकरीला उपयोग होईल, अरबी १९७३ पासून संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा आहे वगैरे मी सांगू शकते, पण नऊ वर्षांच्या मुलीसाठी ही कारणं पोकळ आहेत. माझं कारण साधं आहे. तिचं निम्मं बालपण त्या गावात जाणार आहे, आणि आत्ता तिथली माणसं तिच्यासाठी नुसती लिफ्टमध्ये भेटणारी माणसं आहेत. फ्रेंच शिकून मस्कतमध्ये कुणाच्या घरी जाणार आहे ती? फ्रेंच पुढे शिकता येईल, पुण्यात वर्ग भरपूर आहेत. ओमानी शेजारीण पुण्यात मिळायची नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. अरबी ही इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांची आणि लेबनॉनच्या मॅरोनाइट ख्रिश्चनांचीही भाषा आहे. ‘अल्हम्दुलिल्ला’ आणि ‘इन्शाल्ला’ तेही म्हणतात, जसं आपल्याकडे कुणीही ‘देवाच्या कृपेनं’ म्हणतं. पण युक्तिवादापेक्षा त्या मस्कतला आल्या की त्यांना जुन्या मस्कतच्या मोतीश्वर मंदिरात घेऊन जा. त्या शहरात कच्छमधल्या मांडवीचं खिमजी घराणं १८७० पासून व्यापार करतंय, आणि त्या घरातल्या कनकसी खिमजींना सुलतान काबूसनी शेख ही पदवी दिली. गृहस्थ वैष्णव होते. अरबीनं त्यांच्या पूजेत काही अडथळा आणल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

राहिल्या तुम्ही. ‘मला येत नाही’ हे तुमचं सर्वात उपयोगी हत्यार आहे. बेकरीत मुलीच्या आधी तुम्ही बोला, मोडकंतोडकं, बिनधास्त. तुमचं चुकलं की ती तुम्हाला सुधारेल, आणि सुधारायला म्हणून तरी तोंड उघडेल. उम्म सालिमला तिनं काय म्हणायचं ते तिला आजच पाठ करून ठेवू द्या: ‘सायरा अल-मदरसा’, शाळेत चाललेय, किंवा ‘सायरा अल-बेत’, घरी. पुढचा प्रश्न कळला नाही तर ‘मा फहमत’, समजलं नाही. ‘मा फहमत’ म्हणता येणं ही पहिली पायरी, कारण त्यावर समोरचा तेच सोपं करून पुन्हा सांगतो.

जून-जुलैत शाळेला सुट्टी लागली की तुम्ही सगळे दोन महिने भारतात येणार, आणि जमवलेलं निम्मं तिथे विरतं. निघण्याआधी उम्म सालिमच्या मुलांबरोबर व्हॉट्सॲपचं ठरवून ठेवा. लेखी निरोप नकोत, आवाजाचे पाठवू द्या. सांगलीचा पाऊस, कृष्णेचं पाणी, आजोळचं मांजर, काहीही. मुलीचा निरोप जाण्याआधी तुम्ही ऐकून दुरुस्त करायचा नाही, आणि ह्यांनाही करू द्यायचा नाही.